योगदानाच्या याद्या पुरे, आता मस्टर उघडा

पंधरा ऑगस्ट जवळ आला की मोबाईलवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. दिल्लीच्या इंडिया गेटवर स्वातंत्र्यसैनिकांची नावे कोरली आहेत, त्यांत निम्म्याहून जास्त मुसलमान आहेत, पुढे पाठवा. आपण पाठवतो. शिकलेसवरलेले लोकही पाठवतात. वस्तुस्थिती अशी की, इंडिया गेट हे ब्रिटिशांच्या फौजेत मारल्या गेलेल्या हिंदी सैनिकांचे स्मारक आहे, मुख्यतः पहिल्या महायुद्धातल्या. १९२१ साली त्याची कोनशिला बसली, १९३१ साली ते पूर्ण झाले. तिथे कोरलेली नावे तेरा हजारांच्या घरात आहेत. स्वातंत्र्यसैनिकांची यादी तिथे नाही आणि कधी नव्हती. ज्या यादीच्या जोरावर आपण देशप्रेम सिद्ध करायला निघतो, ती यादीच खोटी आहे.

आता दुसरे स्मारक पाहा. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची स्मृती नोंदवलेली आहे. सारंग, टंडेल, लस्कर, आगवाले, भंडारी अशी ही माणसे. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींच्या डेकवर काम करणाऱ्यांत कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर ही नावे फुकट शोधता येतात. दापोली, गुहागर, राजापूरच्या कुठल्याही मोहल्ल्यातल्या तरुणाला आपल्या पणजोबांच्या पिढीची नावे मोबाईलवर चाळता येतील. त्यांच्याबद्दलचा मजकूर मात्र कधी कुणी पुढे पाठवलेला दिसत नाही.

जे नाही त्याची आपण जाहिरात करतो आणि जे आहे त्याकडे पाठ फिरवतो. कारण उघड आहे. पहिल्या यादीत शान आहे, दुसरीत घाम आहे. आपल्या सभांतून नवाब येतात, सुलतान येतात, शायर, सूफी, शास्त्रज्ञ येतात. साच्यावर उभा राहिलेला जुलाहा येत नाही. बोटीच्या पोटात कोळसा ओढणारा आगवाला येत नाही. घरात बसून हजार बिड्या वळणारी बाई तर नाहीच नाही.

मुळात ‘योगदान’ हा शब्दच तपासायला हवा. योगदान देतो तो बाहेरचा, पाहुणा, देणगीदार. घरातला माणूस योगदान देत नाही, तो काम करतो. गिरणीच्या मस्टरवर योगदानाचा रकाना नसतो. तिथे नाव असते, खाते असते, तिकीट नंबर असतो आणि हजेरी असते. महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा सगळ्यात मोठा, सगळ्यात भक्कम सार्वजनिक इतिहास हा कामगारांचा इतिहास आहे. तो शोधला तर सापडतो. पण त्यासाठी ग्रंथालयाची आणि अभिलेखागाराची पायरी चढावी लागते. ती चढायची आपली तयारी नाही, हे माझे गाऱ्हाणे आहे.

संपाच्या फायलीत नाही, दंगलीच्या फायलीत

मुंबईच्या गिरण्यांच्या साचेखात्यात मुसलमान विणकर पहिल्यापासून होते. आझमगड, बनारस, अलाहाबाद या भागांतले हातमाग यंत्राच्या कापडापुढे बसले, तेव्हा तिथले जुलाहे, म्हणजेच मोमिन, अन्सारी, मुंबईत येऊन मदनपुऱ्यात, नागपाड्यात, भायखळ्यात राहिले. मालेगाव आणि भिवंडी या गावांना आजचे रूप त्यांच्याच भाऊबंदांनी दिले. पण ‘गिरणगाव’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लालबाग-परळ येते, कोकणातला आणि घाटावरचा गडी येतो, भजनी मंडळ आणि व्यायामशाळा येते. ते सगळे खरे आहे. पण मदनपुरा त्या चित्राच्या चौकटीबाहेर राहतो. कैफी आझमी हे चित्रपटगीतांचे कवी म्हणून सर्वांना माहीत आहेत. त्यांनी मदनपुऱ्याच्या कामगारांत राहून काम केले, हे किती जणांना माहीत आहे? शाहीर अमर शेख बार्शीच्या गिरणीत कामाला होते, मग शाहीर झाले. त्यांच्या आवाजाची आठवण महाराष्ट्र काढतो, गिरणीतल्या मेहबूबची नाही.

हा दोष फक्त मराठी इतिहासकारांचा नाही. कागदच तसे लिहिले गेले. ‘धर्मवेडा जुलाहा’ ही इंग्रज अधिकाऱ्यांची लाडकी प्रतिमा होती. गॅझेटियरांतून ती एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात उतरवली गेली. ज्ञानेंद्र पांडे यांनी जमातवादाच्या घडणीवर १९९० साली जे पुस्तक लिहिले, त्यात या प्रतिमेची चिरफाड केली आहे. माग बंद पडला, सावकार दाराशी आला, सुताचे भाव चढले, म्हणून विणकर रस्त्यावर आला, तरी फायलीवर शेरा पडायचा तो ‘धार्मिक दंगा’ असा. परिणाम असा की, मुसलमान कामगार शोधायचा तर संशोधकाने संपाची फाईल मागवून भागत नाही, दंगलीचीही मागवावी लागते.

१९२८ सालच्या अखेरीस मुंबईत तेल कंपन्यांच्या कामगारांनी संप केला. मालकांनी संप फोडायला पठाण आणले. त्यानंतर फेब्रुवारी १९२९ मध्ये शहरात दंगल पेटली. सरकारी दप्तरात ही हिंदू-मुसलमान दंगल आहे. पण चौकशी समितीचा अहवाल नीट वाचला तर मजुरी, संप, संपफोडे आणि सावकारी यांचे धागे पानोपानी दिसतात. १९२१ सालचे मालेगाव घ्या. ते खिलाफत चळवळीतले विणकरांचे गाव होते. तिथल्या प्रकरणात सुलेमान शाह आणि त्यांच्या साथीदारांना फाशी झाली. आपण त्यांना शहीद म्हणतो, सरकारने दंगेखोर म्हटले. ते मागावर बसणारे मजूर होते, त्यांची रोजी काय होती, हे दोघांनीही विचारले नाही.

आणि सोलापूर. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिले गेले. कुर्बान हुसेन कामगार चळवळीतला तरुण होता, ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत होता. दर वर्षी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार पडतात, भाषणे होतात, हिंदू-मुस्लिम ऐक्याचे दाखले दिले जातात. पण त्या तरुणाने आपल्या पत्रात गिरणी कामगारांबद्दल काय लिहिले होते, हे त्या भाषणांत कधी ऐकले आहे का? पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. पत्राचे अंक शोधणे कष्टाचे आहे.

मजुराचे कागद कोणी जपले?

मजुराचे कागद मालकांनी आणि पोलिसांनी जपले. मुंबईच्या गिरणी मालकांची संघटना १८७५ साली स्थापन झाली आणि तिचे वार्षिक अहवाल छापील, बांधीव स्वरूपात आजही मिळतात. सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस काढले आणि ‘लेबर गॅझेट’ सुरू केले. त्यात संपांची, मजुरीची, महागाईची महिन्यामहिन्याची नोंद आहे. कामगारांच्या बाजूने काय उरले? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचा अर्ज सरकारला दिला, तो सरकारदरबारी गेला म्हणून इतिहासात राहिला. मीरत कटाचा खटला १९२९ ते १९३३ असा चालला. त्यात पोलिसांनी गिरणी कामगारांची पत्रके, हिशेब, पत्रव्यवहार आणि वर्तमानपत्रे पुरावा म्हणून गोळा केली. ‘क्रांती’ या मराठी पत्राचा मजकूर या पुराव्यांत सापडतो. मुंबईहून निघणाऱ्या आणि शौकत उस्मानींचे नाव ज्याच्याशी जोडलेले आहे त्या ‘पयाम-ए-मजदूर’ या उर्दू पत्राचा मागही इथूनच काढावा लागतो. ज्यांना ही चळवळ संपवायची होती त्यांनी तिचे कागद सांभाळले. ज्यांची ती चळवळ होती त्यांनी ते रद्दीत घातले. याची लाज मराठी डाव्यांनाही वाटायला हवी आणि आपल्यालाही.

कुठे जायचे?

‘कागद कुठे मिळणार’ असे म्हणून थांबणाऱ्यांसाठी काही पत्ते देतो. यांतले बरेचसे फुकट आहेत.

मुंबईत फोर्टला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचे अभिलेखागार आहे. तिथे ओळखपत्र आणि अर्ज घेऊन जावे. गृह खात्याच्या ‘विशेष’ फायली, सामान्य विभागाच्या फायली आणि देशी वृत्तपत्रांवरचे साप्ताहिक गोषवारे मागवावेत. हे गोषवारे म्हणजे सरकारी भाषांतरकारांनी मराठी, गुजराती, उर्दू पत्रांतल्या मजकुराचे केलेले इंग्रजी सार. मूळ उर्दू अंक हाती लागले नाहीत तरी त्यांचा आवाज इथे पुसट का होईना ऐकू येतो.

पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे. तिथले जुने सरकारी अहवाल मोठ्या प्रमाणात डिजिटल करून लोकांसाठी खुले ठेवले आहेत. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरचा १९३१ चा अहवाल आणि साक्षींचे खंड हे कामगार इतिहासाचे पहिले पाठ्यपुस्तक समजावे. नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेने कामगार इतिहासकारांच्या साथीने भारतीय श्रमिकांचे डिजिटल अभिलेखागार उभारले आहे. दिल्लीत तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात ना. म. जोशी यांचे आणि आयटकचे कागद आहेत, जेएनयूमध्ये पी. सी. जोशी अभिलेखागार आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर घरबसल्या फायली शोधता येतात. परदेशात लंडनची ब्रिटिश लायब्ररी आणि अॅमस्टरडॅमची सामाजिक इतिहासाची आंतरराष्ट्रीय संस्था ही दोन ठिकाणे आहेत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या शंभर आवाजांचा मौखिक इतिहास २००४ साली प्रसिद्ध केला. माणसांना कसे विचारायचे हे शिकण्यासाठी तो वाचावा.

एक सूचना. या सूचींत ‘मुस्लिम’ असा शब्द टाकून शोधले तर फारसे काही मिळत नाही. त्या काळचे कारकून ‘मोहमेडन’, ‘जुलाहा’, ‘मोमिन’, ‘लस्कर’, ‘पठाण’, ‘अप-कंट्री वीव्हर’ असे लिहीत. एकाच नावाचे इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हेने असते. चारही तऱ्हा वहीत लिहून घ्या आणि मग शोधा.

आपल्या कपाटांची कुलुपे

सरकारी दप्तराची वाट तरी ठाऊक आहे. आपल्या कपाटांचे काय? मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची करीमी लायब्ररी आहे, मालेगावात उर्दू लायब्ररी आहे, गावोगावी अंजुमनची, मदरशांची, वाचनालयांची कपाटे आहेत. उर्दू दैनिकांचे जुने गठ्ठे आहेत. ते वाचायला कोण येतो? मराठी कामगार-इतिहासकाराला उर्दू येत नाही आणि उर्दू वाचणाऱ्या आपल्या मुलाला गझल आणि अफसाना सोडून त्या गठ्ठ्यांत काही असते असे कुणी सांगितलेले नसते. रेख्तासारख्या संस्थेने हजारो उर्दू पुस्तके आणि मासिके खुली केली, ते मोठेच काम झाले. पण मदनपुऱ्यातल्या संपाचे पत्रक किंवा विणकर सोसायटीचा अहवाल हे साहित्य नव्हे, म्हणून ते कुणाच्याच यादीत येत नाही.

कोकणी जमातींच्या मुंबईतल्या खोल्या घ्या. बोटीवरून उतरलेला खलाशी तिथे राहायचा, बोट मिळेपर्यंत उधारीवर जेवायचा, पैसे गावी पाठवायचा. त्याच्या नोंदी जमातीच्या वह्यांत होत्या. भिवंडीत भिशी, म्हणजे मागावरच्या मजुरांची खानावळ. तिच्या उधारीच्या वहीत कोणता मजूर कुठून आला, कधी काम सुटले, कधी पैसे थकले हे सगळे असते. यंत्रमागावर मस्टर नावापुरते असते, मजुरी मीटरवर मोजली जाते. तिथे ही उधारीची वहीच मस्टर आहे. खोली विकली जाते, भिशी बंद पडते आणि वही रद्दीवाल्याकडे जाते. मशिदीच्या नूतनीकरणासाठी आपण लाखो रुपये गोळा करतो. त्या मशिदीच्या पोटमाळ्यावरच्या वह्या स्कॅन करायला एक साधा मोबाईल पुरतो, तो मात्र कुणी हातात घेत नाही.

बायकांची नोंद तर याहून विरळ. जरी, बिडी, गोधडी, कांडी भरणे, ही सगळी कामे घरात होतात आणि घरातले काम नोंदले जात नाही. १९६६ च्या बिडी कामगार कायद्यानंतर निदान ओळखपत्र आणि लॉगबुक आले. आईचे जुने बिडी कार्ड तिच्या निधनानंतर कचऱ्यात जात असेल, तर कुटुंबाच्या इतिहासातला तिच्या नावाचा कदाचित एकमेव सरकारी कागद जातो.

गैरसोयीचे प्रश्न

मस्टर उघडा म्हणणाऱ्याने एक तयारी ठेवली पाहिजे. त्यातून फक्त अभिमानाच्या गोष्टी बाहेर येणार नाहीत. साचेखात्यात धाग्याची टोके तोंडाने ओढून धोट्यात घ्यावी लागत, म्हणून दलित कामगारांना त्या खात्यात घेत नसत. साचेखात्याची मजुरी जास्त होती. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न रोखठोक मांडला. त्या खात्यात मुसलमान विणकरही होते. विटाळाचा हा नियम त्यांनी मोडला, की मुकाट पाळला? आपल्यातल्या अश्रफ म्हणवणाऱ्यांनी जुलाह्याला कसे वागवले? संपकऱ्याला दरमहा व्याजाने पिळणारा सावकार कोण होता? यंत्रमागाचे मालक आणि मजूर एकाच मशिदीत नमाज पढत असताना मजुरी कुणी ठरवली?

योगदानाच्या यादीला हे प्रश्न पडत नाहीत, म्हणूनच ती आपल्या पुढाऱ्यांना आवडते. कामगारांचा इतिहास ‘मुसलमान’ या एका शब्दाच्या आत डोकावतो आणि तिथे मालक-मजूर, उच्च-नीच, पुरुष-बाई असे सगळे भेद उघडे करतो. समाजाचा ठेका घेतलेल्यांना हे परवडत नाही. आणि ज्यांना मुसलमान म्हणजे आक्रमक, उपरा, दंगेखोर एवढेच दाखवायचे आहे, त्यांनाही हा इतिहास परवडत नाही. एकाच पाळीत, एकाच मुकादमाच्या शिव्या खाणारी धोंडू आणि अब्दुलची जोडी दोघांच्याही गणितात बसत नाही.

‘यातून पोट भरणार आहे का?’

हा प्रश्न विचारला जाईलच. त्याचे उत्तर गिरणी कामगारांच्या घरांनी दिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढे गिरण्या बंद झाल्या, जमिनी विकल्या गेल्या. कामगारांना म्हाडाची घरे देण्याचे ठरले, एक लाखाहून अधिक अर्ज आले. तेव्हा अर्जदाराला काय मागितले? गिरणीचा पास, तिकीट नंबर, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, विम्याचे कार्ड. ज्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत हा कागद होता तो पात्र ठरला. ज्याच्या घरी नव्हता तो आयुष्यभर राबूनही खेटे घालत राहिला. जुन्या कागदाने पोट भरत नाही, असे कोण म्हणतो?

२०१९-२०च्या थंडीत नागरिकत्वाच्या कागदांची भीती घरोघरी शिरली, तेव्हा आपण आजोबांचे दाखले शोधत फिरलो. त्या भीतीतूनही आपण चुकीचा धडा घेतला. कागद म्हणजे वफादारीचे प्रमाणपत्र, असे समजून बसलो. इतिहास हे वफादारीचे प्रमाणपत्र नाही आणि ते कुणाला दाखवायचेही नाही. आजोबांनी या शहराचे कापड विणले, ही गोष्ट आपल्या हक्काची आहे, मेहेरबानीची नाही. ती आधी आपल्याला ठाऊक हवी.

मागण्या

शासनाकडे तीन मागण्या आहेत. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यापासून प्रत्येक नोंदणीकृत संघटना निबंधकाकडे वार्षिक विवरणपत्र देत आली आहे. ही जुनी विवरणपत्रे सूची करून अभिलेखागाराकडे सोपवा. बंद गिरण्यांची उरलीसुरली मस्टर आणि सर्व्हिस रेकॉर्ड विकासकांच्या गोदामात कुजू न देता ताब्यात घ्या. काळाचौकीला होऊ घातलेल्या गिरणी संग्रहालयात नुसती यंत्रे मांडू नका, कागद आणि आवाज ठेवा, उर्दू कागदांसह. माहितीच्या अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे अभिलेखांची सूची ठेवणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. त्याची आठवण अर्ज करून आपण द्यायची आहे.

मराठी कामगार-इतिहासकारांकडे एक मागणी आहे. उर्दू शिका, नाहीतर उर्दू येणाऱ्या विद्यार्थ्याला सोबत घ्या. मदनपुरा, मालेगाव, भिवंडी वगळून लिहिलेला महाराष्ट्राच्या कामगारांचा इतिहास अर्धाच आहे.

आणि समाजाकडे. प्रत्येक अंजुमनने, प्रत्येक जमातीने आपल्या कपाटातल्या वह्यांची एक पानाची यादी करावी आणि ती दारावर लावावी. कोणती वही, कोणत्या सालची, कोणत्या भाषेतली, एवढेच. घरातल्या पास, बिडी कार्ड, खलाशाचे नली यांचे फोटो काढून मुलांच्या हवाली करावेत. उर्दू शाळेतल्या शिक्षकांनी नववीच्या मुलांना निबंधाला ‘माझे आवडते फूल’ न देता ‘माझे आजोबा कुठे कामाला होते’ हा विषय द्यावा, आणि आजीचे काम विसरू नये. साच्यावर उभे राहिलेले, बोटीच्या बॉयलरपुढे भाजलेले बरेच लोक गेले, जे आहेत ते ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना विचारायला वेळ थोडा उरला आहे. रेकॉर्डर प्रत्येकाच्या खिशात आहे.